जुन्या मोटरसायकलचे ब्रेक नव्या भागांनी सुधारताना

ठाणे आणि नवी मुंबईच्या रस्त्यांवर एमएच-04 आणि एमएच-43 क्रमांकाच्या, पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या दीडशे सीसीच्या मोटरसायकली आजही रोज दिसतात. 1999 मध्ये आलेली हिरो होंडाची सीबीझेड आणि 2001 मध्ये आलेली बजाजची पल्सर या गाड्यांमुळे पुढच्या चाकाला 240 मि.मी. व्यासाचा डिस्क ब्रेक ही सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातली गोष्ट झाली. या गाड्यांची इंजिने अजून नीट चालतात, ब्रेक मात्र आजच्या नव्या गाड्यांच्या तुलनेत कमकुवत वाटतात आणि मालकाच्या मनात मोठी डिस्क, दोन पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), स्टीलच्या जाळीचा होज (ब्रेक ऑइलची नळी) असे विचार सुरू होतात. हा लेख अशा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांसाठी आहे. त्यात सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे, कारण ब्रेकच्या साखळीतला एक भाग बदलला की उरलेल्या भागांवरचा भार आणि त्यांचे आपापसातले प्रमाण बदलते. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्यांनंतरच काम थांबवता येते, असे माझे मत आहे.

कायद्याची बाजू आधी पाहून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा आणि चांगल्या प्रतीचा भाग बसवणे ही देखभाल आहे. दुसऱ्या गाडीचा पुढचा सांगाडा उचलून आपल्या गाडीला जोडणे हा मात्र सरळ सरळ बदल आहे. या दोहोंच्या मधले काही करायचे असेल, तर आधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि त्या वेळी गाडी प्रत्यक्ष तपासली जाते, हेही विसरू नये.

पहिली पायरी: आहे तो ब्रेक मूळ स्थितीत आणणे

जुन्या गाडीचा ब्रेक कमकुवत असण्याचे कारण बहुधा तिची रचना नसून तिचे वय असते. म्हणून नवीन भागांची यादी करण्याआधी आहे ती यंत्रणा उघडून पाहावी. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक जमिनीपासून वर उचलावे आणि हाताने फिरवावे. चाक फिरताना एकाच ठिकाणी घासण्याचा आवाज येत असेल, तर डिस्क वाकलेली असण्याची शक्यता असते. आवाज सतत येत असेल, तर कॅलिपरचा पिस्टन मागे सरकत नसतो. चाक आडवे हलवून बेअरिंगमध्ये आणि गाडीची मान पुढे-मागे ओढून कोन सेटमध्ये (हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमध्ये) ढिलेपणा आहे का, तेही याच वेळी पाहावे. ढिल्या कोन सेटवर जोरदार ब्रेक बसवला तर प्रत्येक थांब्याला हँडलमध्ये टणत्कार जाणवेल आणि दोष नव्या ब्रेकला दिला जाईल.

त्यानंतर कॅलिपर उतरवून पॅड काढावेत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर आडवा सरकतो, त्या पिना इकडच्या गाड्यांत हमखास गंजलेल्या सापडतात. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी असा खाडीकाठचा भाग, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यात गाडी उघड्यावर उभी, असा तिहेरी मारा त्यांना सोसावा लागतो. पिन अडकली की डिस्कच्या एकाच बाजूचा पॅड काम करतो, तो तिरका झिजतो आणि ब्रेकची ताकद घटते. पिना बारीक पॉलिश पेपरने साफ कराव्यात, खोल खड्डे पडले असतील तर बदलाव्यात, आणि रबरला चालणारे सिलिकॉन ग्रीसच लावावे. साध्या ग्रीसने, पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने ब्रेकमधले रबर फुगते. कोपऱ्यावरच्या गॅरेजात कॅलिपर पेट्रोलमध्ये धुण्याची पद्धत आहे, ती आपल्या गाडीवर होऊ देऊ नये.

पिस्टनवर गंजाचे टिपके किंवा क्रोम उडालेले दिसले, तर पिस्टन आणि दोन्ही सील बदलावेत. यातला चौकोनी काठाचा सील केवळ ऑइल अडवत नाही. लिव्हर दाबल्यावर तो पिस्टनबरोबर किंचित पिळला जातो आणि लिव्हर सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला पॅडपासून केसभर मागे खेचतो. वीस वर्षांच्या कडक सीलमध्ये ही लवचिकता राहत नाही, म्हणून पॅड डिस्कला घासत राहतात. मास्टर सिलिंडरमधल्या (लिव्हरजवळच्या, ऑइलवर दाब देणाऱ्या भागातल्या) सीलचेही तेच. ही किटे फार महाग नसतात, फक्त आपल्याच मॉडेलची आणि वर्षाची मिळवण्यासाठी थोडे फिरावे लागते.

ब्रेक ऑइल या निमित्ताने पूर्ण बदलावे. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ऑइले हवेतली आर्द्रता शोषतात आणि त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू उतरतो. प्रमाणकानुसार ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो; पाणी शोषलेल्या अवस्थेत तो 155 पर्यंत आला तरी चालतो, त्याखाली नाही. गायमुखच्या उतारावर अवजड वाहनांच्या मागे सतत ब्रेक दाबत उतरताना कॅलिपर तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि द्रवासारखी वाफ दाब पुढे पोहोचवत नसल्यामुळे लिव्हर एकाएकी मऊ पडतो. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच ऑइल वापरावे. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालते, पण सिलिकॉनवर आधारलेले डॉट 5 यांच्यापैकी कशातही मिसळू नये. आकड्यांच्या साधर्म्यामुळे 5 आणि 5.1 यांची दुकानातही गल्लत होते, म्हणून बाटली हातात घेऊन स्वतः वाचावी.

दुसरी पायरी: होज आणि पॅड

एवढे करून गाडी चालवून पाहावी. ब्रेक समाधानकारक वाटला तर पुढे जाण्याची गरज नाही. लिव्हर अजूनही स्पंजासारखा वाटत असेल, तर संशयित म्हणजे रबरी होज. जुने रबर दाबाखाली फुगते आणि बोटांच्या जोराचा काही भाग त्या फुगण्यात वाया जातो. याच्या जागी आतून पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलची जाळी असलेला होज बसवता येतो. त्याने ब्रेकची कमाल ताकद वाढत नाही, पण बोटांना मिळणारी जाणीव पुष्कळ स्पष्ट होते आणि दाब मोजूनमापून देता येतो. होज घेताना लांबी जुन्या होजइतकी असावी, होजचे टोक जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचा आटा तपासावा (10 मि.मी. बोल्टमध्ये 1.0 आणि 1.25 असे दोन आटे प्रचलित आहेत आणि चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे सहज आत जातो), आणि जाळीवर पारदर्शक आवरण असावे. उघडी जाळी टाकीचा किंवा शॉकअपचा रंग कानशीसारखी घासून काढते.

पॅडच्या बाबतीत गाडीच्या मूळ कंपनीचे किंवा ओळखीच्या ब्रेक उत्पादकाचे ऑरगॅनिक अथवा सेमी-मेटॅलिक पॅड घ्यावेत. सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून बनवलेले) पॅड उष्णता जास्त सहन करतात आणि पावसात लवकर पकडतात, पण त्यांच्यासाठी न बनवलेली डिस्क ते भरभर खातात, शिवाय पिस्टनकडे जास्त उष्णता पोहोचवतात. जुन्या गाडीच्या बारीक डिस्कवर मी ते सुचवणार नाही. पाकिटावर नाव नामांकित आणि किंमत निम्मी असेल, तर तो माल नकली समजून परत द्यावा.

तिसरी पायरी: मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांचे गणित

यापुढचे काम सर्वांनी करावे असे नाही. ज्यांना नवा कॅलिपर बसवायचाच आहे, त्यांनी बाजारात जाण्याआधी कागदावर आकडेमोड करावी. ब्रेकची हायड्रॉलिक ताकद ही कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ भागिले मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ या गुणोत्तरावर ठरते. समजा, जुन्या कॅलिपरमध्ये 32 मि.मी. व्यासाचा एक पिस्टन आहे, म्हणजे क्षेत्रफळ 804 चौरस मि.मी.; आणि मास्टर सिलिंडर 12.7 मि.मी.चा, म्हणजे सुमारे 127 चौरस मि.मी. आहे. गुणोत्तर 6.35 झाले. आता 27 मि.मी.चे दोन पिस्टन शेजारी शेजारी असलेला सरकता कॅलिपर बसवला, तर क्षेत्रफळ 1145 आणि गुणोत्तर 9.04 होते. ताकद 42 टक्के वाढली, पण लिव्हरचा प्रवासही तितकाच वाढला आणि तो हँडलच्या ग्रिपला टेकण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून मास्टर सिलिंडर 14 मि.मी.चा, म्हणजे 154 चौरस मि.मी.चा घेतला, तर गुणोत्तर 7.44 येते: मूळच्या मानाने ताकद 17 टक्के जास्त, आणि लिव्हरचा प्रवासही तेवढाच लांब. रस्त्यावरच्या गाडीला एवढी वाढ भरपूर झाली.

उलट, कॅलिपर तोच ठेवून केवळ मोठ्या गाडीचा जाड मास्टर सिलिंडर लावला, तर लिव्हर दगडासारखा टणक होतो आणि ताकद मात्र कमी होते. टणक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की असा बिघडवलेला ब्रेक मालक कौतुकाने दाखवतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असलेला स्थिर कॅलिपर असेल, तर हिशेबात एकाच बाजूचे पिस्टन धरावेत. मास्टर सिलिंडरचे माप त्याच्या अंगावर ठोकलेले असते, मि.मी.मध्ये किंवा इंचात; 1/2 म्हणजे 12.7 आणि 5/8 म्हणजे 15.9 मि.मी.

कॅलिपर कोणता बसेल हे पिस्टनपेक्षा बोल्टच्या छिद्रांमधले अंतर आणि शॉकअपच्या नळीवरचे कान ठरवतात. 390 ड्यूकसारख्या गाडीचा चार पिस्टनचा कॅलिपर रेडियल पद्धतीने बसतो. जुन्या गाडीच्या शॉकअपला तसे कानच नसतात. मग कोणीतरी लेथवर ॲल्युमिनियमची पट्टी कापून ब्रॅकेट बनवून देतो. ब्रेक दाबल्यावर चाक थांबवणारा सगळा जोर त्या पट्टीवर येतो, आणि तिचा धातू कोणत्या प्रतीचा आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. असे ब्रॅकेट लावू नये, आणि शॉकअपच्या नळीवर वेल्डिंग तर कधीच करू नये. आपल्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत कंपनीने दिलेला संच हा यातला सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पल्सरच्या 180 आणि 220 सीसीच्या नंतरच्या आवृत्त्यांत 260 मि.मी.ची डिस्क आली. अशा वेळी डिस्क, कॅलिपर, त्याचे ब्रॅकेट आणि गरज पडल्यास शॉकअपची नळी हे सर्व एकाच आवृत्तीचे घ्यावे. डिस्कचा व्यास 20 मि.मी.ने वाढला की कॅलिपर 10 मि.मी. बाहेर सरकावा लागतो आणि त्याच पॅडदाबाला चाकावरची पकड साधारण नऊ-दहा टक्के वाढते.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजून ती त्याखाली गेली असेल, तर डिस्क बदलावी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुने भाग आणणाऱ्यांनी कॅलिपरचा देह आणावा हवा तर, पण डिस्क, होज आणि सील नवेच घ्यावेत, आणि बिलाशिवाय काही घेऊ नये.

आरएक्स 100 सारख्या पुढे ड्रम असलेल्या गाडीला डिस्क लावण्याची हौस पुष्कळांना असते. त्यात चाकाचा हब, शॉकअप, टी (शॉकअप धरून ठेवणारा भाग), ॲक्सल आणि स्पीडोमीटरचा गियर एवढे सगळे बदलते. कायद्याच्या आणि खर्चाच्या दोन्ही अंगांनी त्यापेक्षा नवे शू, गोलाई तपासलेला ड्रम आणि नवी केबल यांवर समाधान मानणे बरे.

प्रत्यक्ष बसवणी

टॉर्क रेंच, चांगले गोटी पाने, ॲलन की, ब्रेक क्लीनरचा डबा, नवी ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, पारदर्शक नळी आणि पुष्कळशी फडकी जवळ घ्यावीत. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून टाकी आणि मडगार्ड प्लॅस्टिकने झाकावेत. थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवावा. पॅडची भुकटी हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

डिस्क बसवताना हबचा पृष्ठभाग गंज खरवडून स्वच्छ करावा, नाहीतर नवी डिस्कही लडखडत फिरेल. डिस्कचे बोल्ट नवे घ्यावेत, थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावेत. कॅलिपरचे 8 मि.मी.चे बोल्ट साधारण 22 ते 30 न्यूटन-मीटर आणि बँजो बोल्ट 25 ते 30 न्यूटन-मीटर या टप्प्यात येतात, तरी आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. बँजोच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक वेळी नवे वायसर लावावेत. नवी डिस्क आणि पॅड बसवण्याआधी डिस्क क्लीनरने पुसावी, कारण तिच्यावर गंज रोखण्यासाठी तेलाचा थर असतो.

होज लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. मग पुढचे चाक अधांतरी ठेवून शॉकअप पूर्ण लांब असताना आणि नंतर दाबलेला असताना होज ताणला जातो का, टायरला लागतो का, हे पाहावे.

लिव्हर बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या टाकीकडे जाणारे एक अतिशय बारीक छिद्र असते. लिव्हर सोडलेला असताना ते उघडे राहिले, तरच तापून प्रसरण पावलेले ऑइल परत टाकीत जाऊ शकते. बाजारातल्या आखूड, रंगीत लिव्हरांपैकी काहींचा आकार किंचित चुकीचा असतो आणि ते पिस्टनला कायम अर्धा मिलिमीटर दाबून धरतात. छिद्र बंद राहते, ऑइल तापते, पॅड आपोआप डिस्कला चिकटत जातात, त्याने उष्णता आणखी वाढते आणि काही किलोमीटरवर पुढचे चाक जाम होते. तपासणी सोपी आहे: टाकीचे झाकण उघडून, डोळे जपून, लिव्हर अगदी हळू दाबावा. पहिल्याच हालचालीला ऑइलच्या पृष्ठभागावर लहानशी उकळी फुटलेली दिसली पाहिजे, आणि त्याआधी लिव्हरला थोडी मोकळी चाल हवी.

हवा काढणे

ब्रेक ऑइलची टाकी भरून, ब्लीडरला (कॅलिपरवरच्या हवा काढण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून धरावा, ब्लीडर पाव फेरा उघडावा, ऑइल आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत, ब्लीडर बंद करावा आणि मगच लिव्हर सोडावा. क्रम उलटला तर हवा परत आत ओढली जाते. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये, नाहीतर सुरुवातीपासून काम करावे लागते. रिकामा नवा होज असेल, तर वरून ढकलण्यापेक्षा मोठ्या सिरिंजने ब्लीडरमधून खालून वर ऑइल चढवणे सोपे जाते, कारण बुडबुड्यांची स्वाभाविक दिशाही वरचीच असते. एवढे करूनही लिव्हर मऊ राहिला तर हवा बहुधा मास्टर सिलिंडरजवळच्या बँजोपाशी अडकलेली असते. तिथे फडके गुंडाळून, लिव्हर दाबलेला ठेवून बँजो क्षणभर सैल करून पुन्हा आवळावा. शेवटचा उपाय म्हणजे लिव्हर ग्रिपला बांधून गाडी रात्रभर तशीच ठेवणे. सकाळी तो बराच टणक झालेला असतो.

चाचणी आणि पॅड बसवणे

उभ्या गाडीवर लिव्हर पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावा. तो हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा सील दाब धरत नाही. अशा गाडीला किक मारू नये. मग सोसायटीच्या आवारात पायी चालण्याच्या वेगाने, त्यानंतर 20 च्या वेगाने थांबून पाहावे.

नवे पॅड आणि डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांना जुळायला वेळ लागतो. 50 च्या आसपासच्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम जोराने पंधरा-वीस वेळा वेग उतरवावा, मध्ये डिस्क थंड होण्यापुरते अंतर चालावे, आणि या काळात ब्रेक दाबून पूर्ण उभे राहणे टाळावे, कारण तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी ठसा उमटवतो. यासाठी घोडबंदर रस्ता किंवा पाम बीच रस्ता योग्य नाही. मागून येणाऱ्याला तुमचा प्रयोग माहीत नसतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे रबाळे-महापे पट्ट्यातला किंवा वागळे इस्टेटमधला एखादा रिकामा आतला रस्ता निवडावा.

ताकद वाढलेल्या ब्रेकची मर्यादा आता टायर ठरवतो. अरुंद, कडक झालेला जुना पुढचा टायर नव्या ब्रेकखाली लगेच घसरेल, विशेषतः पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे आणि झेब्रा पट्ट्यांचा रंग यांवर. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात; टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल, तर कॅलिपरचे पैसे आधी टायरला द्यावेत. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले, तसे ते जुन्या गाडीवर नंतर बसवता येत नाही, कारण त्याला चाकाच्या वेगाचे सेन्सर, दाब नियंत्रित करणारा एकक आणि त्या विशिष्ट गाडीसाठी जुळवलेला संगणक लागतो. होजमध्ये बसवायची एखादी पितळी नळी 'एबीएस' म्हणून कोणी विकत असेल, तर ती एबीएस नाही.

मागच्या ड्रमला विसरू नये. नवे शू, कॅमवर अगदी थोडे ग्रीस, ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाची तपासणी (130 मि.मी.च्या ड्रमला तो बहुधा 131 असतो), स्टॉपर पट्टीचा नट आणि त्याची कॉटर पिन, एवढे पुरते. ब्रेक दाबल्यावर कॅमचा दांडा आणि ओढणारा रॉड यांच्यात साधारण काटकोन यावा.

शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासावा आणि प्रत्येक बँजोभोवती कोरडे पांढरे फडके फिरवून ओल लागते का पाहावे. त्यानंतर दर वर्षी पावसाळा संपल्यावर कॅलिपरच्या पिना उघडून साफ कराव्यात, आणि ऑइल दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये. गाडी खाडीकाठी उघड्यावर उभी राहत असेल तर ते दर वर्षी बदलावे.